उंदीर पडला, की गावाने जागं व्हावं

बीडहून सोलापूरच्या दिशेला निघालं, की घाट चढून गाडी मांजरसुंब्याच्या चौकात येते. दसरा उलटला की या भागातली ऊसतोड कुटुंबं बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरतात कुलूपबंद घरं आणि आत पोत्यांतली ज्वारी. बंद घर आणि आत धान्य, ही जोडी काय करू शकते, ते बीड जिल्ह्याने १९९४ साली भोगलं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. माळवदाच्या घरांखाली गाडली जाऊन हजारो माणसं गेली. त्या धास्तीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी घरं सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत मुक्काम हलवला. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिलं. माणसाची चाहूल नाही आणि खायला मुबलक, म्हटल्यावर उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये ते पटापट मरून पडू लागले, घरांत पिसवांचा सुळसुळाट झाला आणि मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या. १९६६ नंतर देशात न दिसलेला प्लेग परतला होता. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाने हाहाकार उडवला आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. देशभरात ६९३ संशयित रुग्ण आणि ५६ मृत्यू नोंदले गेले.

प्लेगाचा हा जंतू आभाळातून पडला नाही. तो रानातल्या बिळांत, रानउंदरांमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहू शकतो. रान आणि घर यांच्यातलं अंतर शाबूत असेल, तर गावाला त्याची झळ लागत नाही. रानउंदीर आणि घरातला उंदीर एकाच धान्यापाशी आले, की पिसू एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. प्लेगाने उंदीर मेला, की त्याचं अंग गार पडतं आणि पिसू ऊब शोधत बाहेर निघते. जंतूंनी तिची अन्नाची वाट तुंबलेली असते, म्हणून ती भुकेजून पुन्हा पुन्हा चावते. जवळ निजलेलं माणूस तिला आयतंच सापडतं.

सावित्रीबाई फुले यांचा बळी घेणाऱ्या १८९७ च्या साथीत लोक प्लेगापासून वाचायला गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. मामल्यात उलटं घडलं. घरं आधी सुटली, प्लेग मागून आला.

निमित्त दर वेळी भूकंपाचंच असतं असं नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस या तापाचे रुग्ण वाढले, कारण उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून माणसं चालली होती. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची लागण झाली. तो गोचिडीतून येतो. जंगलाचे तुकडे होऊन त्यात बागा आणि वस्त्या शिरतात, तेव्हा माणूस त्या गोचिडीच्या वाटेत येतो. पूर असो, जंगलतोड असो की दुष्काळामुळे होणारं स्थलांतर, प्राण्यांचं आणि माणसांचं अंतर बिघडलं की रोगाला वाट मिळते. दोष उंदराचा नाही आणि माकडाचाही नाही.

म्हणूनच मांजरसुंब्यापासून मामल्यापर्यंतच्या माणसांना कळकळीचं सांगणं आहे. ऊसतोडीला जाताना धान्य उघड्या पोत्यांत ठेवू नका, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा. परतल्यावर घर झाडून, उन्हं आत घेऊन मगच अंथरूण टाका. औषध न घालता उंदीर पटापट मरताना दिसले, तर हात लावू नका, त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. अशा वेळी आधी पिसवा माराव्या लागतात, उंदीर नंतर. क्रम चुकला तर पिसवा माणसाकडे वळतात. ताप येऊन गाठ आली तर अंगावर काढू नका. वेळेत औषध मिळालं तर प्लेग बरा होतो.

मामल्यात आधी उंदीर मेले, माणसं नंतर आजारी पडली. मधले ते दिवस गावाला सावध होण्यासाठी मिळालेले असतात. ते वाया जाऊ देऊ नका.