काटा कधी चढतो, उभ्या गाडीत की पळत्या?

उसाचा गळीत हंगाम सुरू असताना शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, समोरून वाहनांची रांग, ओव्हरटेकला जागा नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. मोकळ्या रस्त्यावर मध्यावर असलेला तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो. गाडी मूळ अवस्थेत असेल तर थोड्याच वेळात बॉनेटखाली घरघर ऐकू येते, विजेचा पंखा सुरू होतो आणि काटा खाली येतो.

पण जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसवलेले असेल, एसी किंवा सीएनजी किट बाहेरून लावून घेतले असेल, जाळीपुढे लोखंडी गार्ड आणि दिव्यांची पट्टी असेल, तर ती घरघर ऐकू येईलच असे नाही. मग बॉनेटमधून वाफ निघते, गाडी कडेला लागते आणि सल्ले सुरू होतात. पाणी ओता, थर्मोस्टॅट काढून टाका, पंखा डायरेक्ट करा!

यातले काहीही करण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा. गाडी गरम कधी होते, उभी असताना की वेगात पळताना? या एका उत्तरात निम्मे निदान असते.

दहा गिझरची उष्णता

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. म्हणजे इंजिन २० किलोवॉट शक्ती देत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे दहा गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे हे आहे.

वेगात असताना समोरून येणारा वारा हे काम फुकटात करतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. पूर्वी हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन आडवे बसवलेल्या छोट्या मोटारी आल्या, पट्टा रेडिएटरच्या दिशेला राहिला नाही आणि विजेचा पंखा सर्रास झाला. पाणी साधारण नव्वदीच्या पुढे गेले की तो सुरू होतो, थंड झाले की बंद होतो.

शिरूर तालुक्यातच रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारी तयार होतात. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचे इंजिन, रेडिएटर, पंखा आणि वायरिंग एकमेकांच्या मापाने ठरवलेले असते. गाडी ‘मॉडिफाय’ करताना यातली एक वस्तू बदलते आणि बाकीच्या तशाच राहतात. बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

उभ्या गाडीत काटा चढला तर

संशय पंख्यावर घ्यावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा सुरू होतो. एसी लावून पंखा फिरला, पण इंजिन तापल्यावर फिरला नाही, तर मोटर ठीक आहे. दोष तापमान ओळखणाऱ्या स्विचमध्ये, सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. दोन्ही वेळा फिरला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले आणि शेवटी मोटर, या क्रमाने तपासावे. मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊनही ती फिरली नाही, तरच नवी मोटर घ्यावी.

पंखा फिरतो, तरी काटा चढतो, हा खरा फसवा प्रकार. बाहेरून बसवलेल्या पंख्यात याची तीन कारणे वारंवार आढळतात.

पहिले कारण बारीक वायर आणि कच्चा अर्थ. मोठा पंखा २० अँपिअरपर्यंत वीज खेचतो. गंजलेल्या जोडावर किंवा बारीक वायरीत ०.१ ओहम इतका अडथळा असला, तरी २० गुणिले ०.१ म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच संपतात. पंखा फिरताना दिसतो, पण जोर नसतो. पंखा चालू असताना त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा आणि तो आकडा बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल, तर मोटर नव्हे, वायरिंग बदलावे.

दुसरे कारण उलटी दिशा. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पंख्याने हवा बाहेरून आत ओढायला हवी. दोन वायरी उलट जोडल्या गेल्या की तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. याची परीक्षा सोपी आहे. पंखा सुरू असताना वर्तमानपत्राचे अर्धे पान जाळीसमोर धरा. ते जाळीला चिकटले तर दिशा बरोबर, मागे ढकलले गेले तर चूक.

तिसरे कारण पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या कव्हरचा अभाव. हे कव्हर नसेल तर पंखा रेडिएटरच्या आपल्यापुरत्या वर्तुळातूनच हवा ओढतो. कोपरे कोरडेच राहतात.

एक सावधगिरी: अनेक गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. तपासताना बोटे, ओढणी, मफलर पात्यांपासून दूर ठेवा.

पळत्या गाडीत काटा चढला तर

इथे पंखा बहुधा निर्दोष असतो, कारण वारा भरपूर आहे. मग बघायचे ते पाणी फिरते का आणि हवा आत शिरते का. रेडिएटरच्या पाकळ्यांत रस्त्याची धूळ आणि उसाच्या पाचटाचा चुरा बसतो. बाहेरून एसी बसवला असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात येतो आणि आधीच तापलेली हवा मागे पाठवतो. त्यापुढे गार्ड आणि दिवे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले, ते अपघातातल्या धोक्यामुळे. पण ते वाऱ्याची वाटही अडवते.

आतून दोष पाण्याचा. बोअरचे जड पाणी गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढवते, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढवते. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रणच वापरावे. सीएनजी किट बसवताना रिड्यूसर गरम ठेवण्यासाठी पाण्याचा पाइप कापून जोड दिला जातो. तिथे गळती झाली किंवा हवेचा बुडबुडा अडकला, तरी काटा चढतो.

थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ झाले असेल किंवा गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅसकेट गेल्याची शंका घ्यावी. चढलेला काटा एकदम खाली पडला तरी हायसे वाटून घेऊ नका. पाणीच संपले असेल तर सेन्सर कोरडा पडून खोटे सांगतो.

दोन लोकप्रिय उपाय

‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फेकण्यासारखा नाही, त्याहून वाईट आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला योग्य तापमानावर ठेवतो. तो नसला की इंजिन बराच वेळ थंड चालते, इंधन जास्त पिते आणि झिजते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवावा.

‘पंखा डायरेक्ट’ केल्याने गाडी घरी पोहोचते, एवढेच. मोटर अखंड झिजते, मूळ दोष झाकला जातो आणि फ्यूजशिवाय ओढलेली वायर पेट घेऊ शकते.

गाडीपेक्षा माणूस महत्त्वाचा

शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडा अधिक उंच. इथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण हा बिंदू १२० अंशांच्या आसपास नेते. घरच्या कुकरमध्ये घडते तेच. गरम इंजिनाचे झाकण फिरवणे म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणे. पाण्याचा क्षणात फवारा होतो आणि तो चेहऱ्यावर, छातीवर, हातावर येतो.

काटा चढू लागला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा, हीटर पूर्ण सोडा. तो इंजिनाची थोडी उष्णता आत खेचतो. काटा तरीही लाल रेषेकडे गेला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. झाकणाला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

भाजलेच तर भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. अंगठी, घड्याळ काढा. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नका. स्वच्छ कापडाने झाका. चेहरा, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

आणि उरलेले कूलंट कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. बहुतेक कूलंटमधले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, पण मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. मुले आणि कुत्री-मांजरे ते सहज पितात. सुरुवातीला फक्त झिंगल्यासारखे दिसते, म्हणून वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘गाडी गरम होते’ एवढेच सांगू नका. कधी, कुठे, किती वेगाला, एसी चालू की बंद, पंख्याचा आवाज आला की नाही, हे सांगा. चांगला डॉक्टर लक्षणे विचारतो, चांगला मेकॅनिकही विचारेल. न विचारताच पार्ट बदलायला निघालेल्याला आपणच थांबवावे.