पाचोळ्याला वाली कोण?

फेब्रुवारी सरता सरता मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत खराट्याचा आवाज वाढतो. देशी बदामाची तांबडी पानं, पर्जन्यवृक्षाची बारीक पानगळ, आंब्याची चामड्यासारखी सुकलेली पानं यांचा ढीग कंपाउंडच्या कोपऱ्यात साठतो. तिथून चार पावलांवर ओल्या कचऱ्याचे डबे गाडीची वाट बघत उभे असतात. दोन्ही जिनसा मातीतून आलेल्या आणि मातीत जाण्याजोग्या, पण महापालिकेच्या कारभारात त्यांच्या वाटा वेगळ्या. झाडाची फांदी उद्यान खात्याकडे आणि भाजीचं देठ घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे. छाटणीचा कंत्राटदार एक, कचरा वाहून नेणारा दुसरा, विल्हेवाट लावणारा तिसरा. उपनगरांतला ओला कचरा जागच्या जागी का जिरत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: जागा नाही आणि लोकांना पडलेली नाही. ही दोन्ही कारणं काही अंशी खरी आहेत. पण त्यांच्याआधी एक तिसरं कारण येतं. पाचोळा आणि ओला कचरा यांची ताटातूट आपण केली आहे, आणि ती करारांच्या कागदावर केली आहे.

हे पटायला खताचा हौद जवळून बघावा लागतो. साधा जाळीदार विटांचा हौद, शक्यतो शेजारी शेजारी दोन. सकाळी डबे आले की पहिलं काम निवडण्याचं. दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला इवलासा कोपरा, बिस्किटाचं चकचकीत वेष्टण, नारळाची करवंटी हे सगळं हाताने बाजूला काढायचं. मग चार बोटं जाडीचा पाचोळ्याचा थर, त्यावर ओला कचरा, त्यावर मूठभर जुनं खत विरजणासारखं भुरभुरायचं आणि पुन्हा पाचोळा, असा की वरून शिळा भात किंवा केळीचं साल दिसता कामा नये. दोन-तीन दिवसांनी लोखंडी सळई आत खुपसून बाहेर काढली की ती हाताला चटका देते. हौद चालू असल्याची ही खूण. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं आणि त्या उष्णतेत रोगजंतू व अळ्या मरतात. ओलाव्याची परीक्षा मुठीत होते. माल मुठीत दाबला की बोटांमधून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाचोळा वाढवायचा, भुगा झाला तर पाणी शिंपडायचं. आठवड्यातून एकदा खालचं वर करायचं, म्हणजे आत हवा खेळते. दीड-दोन महिन्यांत ढीग खचून पाव हिश्शावर येतो आणि पहिल्या पावसानंतरच्या जमिनीचा वास सुटतो.

या सगळ्या कृतीत पाचोळा म्हणजे निम्मं काम आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण तीसास एक या प्रमाणात लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरास एकच्या आसपास असतं, सुक्या पानांत पन्नासच्या पुढे. एकात नत्र आणि पाणी जास्त, दुसऱ्यात कर्ब आणि हवा जास्त. नुसता ओला कचरा हौदात टाकला तर तो घट्ट बसतो, हवा कोंडते, काळं पाणी सुटतं, अमोनियाचा भपका येतो आणि अळ्या चढतात. पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार येते, सेक्रेटरी हौद बंद करतो आणि ‘आमच्याकडे खत करून बघितलं, जमलं नाही’ हे वाक्य कायमचं रूढ होतं. बंद पडलेल्या अशा हौदांपैकी किती नुसते पाचोळ्यावाचून मेले असतील! मशीन घेतलं तरी यातून सुटका नाही. सोसायट्यांत ‘ओडब्ल्यूसी’ म्हणून ओळखलं जाणारं यंत्र कचरा बारीक करून मिसळतं, पण त्यातही लाकडाचा भुसा घालावाच लागतो. म्हणजे सोसायटी एका हाताने भुसा किंवा कोकोपीटची पोती विकत आणते आणि दुसऱ्या हाताने आपल्याच झाडांचा पाचोळा टेम्पोत भरून देते.

मुंबईच्या कचऱ्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासूनची. मुलुंडची १९६७ साली सुरू झाली आणि २०१८ साली बंद. तिथला सुमारे ७० लाख टन जुना कचरा उपसण्याचं कंत्राट वेगळं द्यावं लागलं. बोरिवलीजवळच्या गोराईला २००७ साली टाळं लागलं. आज मुंबईत रोज सहा हजारांहून अधिक टन कचरा निघतो, त्यातला बहुतेक कांजूरमार्गच्या प्रकल्पात जातो, आणि महापालिकेच्याच अहवालांनुसार त्यात सर्वाधिक वाटा ओल्या कचऱ्याचा. नियमांची कमतरता नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. बागांचा कचरा वेगळा गोळा करून शक्यतो बागांमध्येच जिरवावा, असंही त्यांत स्थानिक संस्थांना बजावलं होतं. २०१७ साली महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना २ ऑक्टोबरची मुदत दिली, नोटिसा काढल्या आणि पुढे मालमत्ता करात सवलत देऊ केली. पण हौदात दोन्ही एकत्र लागतात, हे या कागदांत कुठे उमटलं नाही. ओल्या कचऱ्याचं कलम वेगळं राहिलं, बागेच्या कचऱ्याचं वेगळं.

नियम एक सांगतो आणि करार दुसरंच करायला लावतो. विल्हेवाटीचे पैसे टनावर मोजले जातात, आणि वाहतुकीतही वर्षानुवर्षं वजनकाटा आणि फेऱ्या हीच मापं राहिली. दिवसाला १०० किलो ओला कचरा करणाऱ्या सोसायटीचा वर्षाचा हिशेब साडेछत्तीस टन होतो. ओल्या कचऱ्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणीच असतं, म्हणजे त्यातले सव्वीस-सत्तावीस टन निव्वळ पाणी. बोरिवलीपासून कांजूरपर्यंत भर वाहतुकीतून आपण हे पाणी वाहून नेतो, त्याचं वजन करतो आणि वजनाप्रमाणे बिल चुकतं करतो. जी सोसायटी ते जागेवर जिरवते तिच्यामुळे महापालिकेचा खर्च वाचतो, पण वाचलेला रुपया हौदावर राबणाऱ्या बाईपर्यंत पोहोचेल अशी एकही वाट करारात नाही. वजनावर पैसे मिळत असतील तर वजन कमी व्हावं असं कंत्राटदाराला का वाटावं? त्याची नियत चांगली असो वा वाईट, मापच तसं ठेवलेलं आहे.

वेगळा करार शक्य होता आणि तो याच उपनगरांत जन्मला होता. १९९६-९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करून गल्लीतच खत करायला सुरुवात केली आणि त्यातून महापालिकेची ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती एएलएम म्हणूनच रुळली. देवाणघेवाण साधी होती: रहिवाशांनी ओला कचरा गल्लीत जिरवायचा, सुका वेगळा द्यायचा, बदल्यात वॉर्ड ऑफिसने त्या गल्लीचं गटार, रस्ता, दिवे यांच्या तक्रारी अग्रक्रमाने सोडवायच्या. मुंबईभर अशा शेकडो एएलएम नोंदल्या गेल्या. या कराराचं एकक टन नव्हतं, गल्ली होती, आणि गल्ली म्हटली की तिच्यात झाडही आलं आणि स्वयंपाकघरही. पाचोळा कुणाच्या खात्याचा, हा प्रश्न तिथे पडतच नव्हता. त्याच काळात, १९९८ पासून, स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून कचरा वेचणाऱ्या बायकांना खत आणि बायोगॅसचं शिक्षण दिलं. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेली ‘निसर्गऋण’ संयंत्रंही या बायकांनी चालवली. सळईचा चटका आणि मुठीतला थेंब यांची समज या हातांत आली, ती आजही तिथेच आहे.

मग एएलएम ओसरल्या कशा? बहुतेक जण नागरिकांच्या उत्साहाला दोष देतात. मला तो दोष अर्धवट वाटतो. महापालिकेची बाजू शब्दावर उभी होती. अधिकारी बदलला की अग्रक्रम गेला, आणि खत करूनही तक्रार रांगेतच पडून राहिली. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ साली लेखी करार केला, त्यात घरटी शुल्क ठरलं. त्याच्या नूतनीकरणावरून ओढाताण झाली, पण ओढाताण करायला हातात कागद होता. जोशी लेनच्या वारसांकडे तसा कागद नव्हता.

आता आक्षेप. पहिला असा की मोठा प्रकल्प स्वस्त पडतो. कांजूरला बायोरिॲक्टर पद्धतीने वायू धरला जातो, मग गल्लोगल्ली हौदांचा खटाटोप कशाला? वायू धरला जातो हे खरं. पण मिश्र कचऱ्यातून निघणाऱ्या खतात काच आणि प्लॅस्टिकचे कण येतात, शेतकरी ते घेत नाही, आणि २०१६ साली केंद्राने शहरी खताला टनामागे १,५०० रुपये मदत जाहीर करूनही ही अडचण संपली नाही. शिवाय एकाच जागेवर सगळा भार टाकण्याची किंमत विक्रोळी, भांडुप, मुलुंडकरांच्या नाकाला मोजावी लागते. २०२५ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने कांजूरची ती जमीन संरक्षित वन ठरवली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शहराचा जवळजवळ सगळा कचरा न्यायप्रविष्ट जमिनीवर विसंबून आहे, याला स्वस्त म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहतात. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत ना कंपाउंड आहे ना बदामाचं झाड. तिथला ओला कचरा उचलूनच न्यावा लागेल, आणि त्यासाठी मोठा प्रकल्पही लागेल. महानगर गॅसबरोबर महापालिकेने दाबित बायोगॅसचा प्रकल्प ठरवला आहे, दिवसाला १,००० टन ओला कचरा त्यात जिरवण्याचा बेत आहे. तो वस्त्यांसाठी वापरला तर स्वागतच आहे. भीती वेगळी वाटते. अशा प्रकल्पांना रोज ठरावीक कचऱ्याची हमी लागते. उद्या हमी कमी पडली तर सगळ्यात निवडलेला, स्वच्छ ओला कचरा नेमका त्या सोसायट्यांकडूनच मागितला जाईल ज्या आज तो जिरवतात. करारात वस्त्यांचा कचरा आधी असं लिहिलेलं नसेल, तर पंचवीस वर्षं टिकलेला हौद एका परिपत्रकाने मोडेल.

आणि तिसरी अडचण आभाळातून येते. मुंबईचा पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. हौदाला पाचोळ्याची सगळ्यात जास्त गरज जून ते सप्टेंबर, आणि पाचोळा पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीतल्या डहाळ्या मे महिन्यात रस्त्याकडेला पडतात. त्या यंत्रात बारीक करून, गोणींत भरून छपराखाली ठेवल्या तर चार महिने निघतात. नारळाच्या झावळ्या यंत्रावाचून वर्षभर कुजत नाहीत, आंब्याची पानंही चिवट. पर्जन्यवृक्षाची मात्र तशीच चालतात. म्हणजे वॉर्डागणिक एक फिरतं यंत्र, गोणी ठेवायला एखाद्या उद्यानातली शेड, आणि छाटणीच्या कंत्राटात एक ओळ: निघालेला पाला आधी त्याच प्रभागातल्या हौदांना द्यावा, उरला तर न्यावा. ही ओळ उद्यान खात्याच्या निविदेत लिहायची आणि तिचा फायदा घनकचरा खात्याच्या ताळेबंदात दिसणार, म्हणून ती लिहायला कुणी पुढे येत नाही. दरम्यान जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गोणीतला पाचोळा तळाला जातो. हौदावरची बाई सळई काढून हात लावते, ती गार लागते, आणि ती सेक्रेटरीकडे भुशाच्या दोन पोत्यांचे पैसे मागायला जाते.