मनगटावरील होडी

ठाण्यात कापूरबावडीचा नाका ओलांडून, ढोकाळी मागे टाकून कोलशेतच्या दिशेने निघालेल्या माणसाला दोन तऱ्हेची अक्षरे वाचावयास मिळतात. रस्त्याच्या कडेच्या उत्तुंग गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांवर ती रोमन लिपीत असतात आणि त्यांतील नावे बहुधा दूरदेशीची. गावठाणातील अरुंद गल्ल्यांत उभ्या केलेल्या मोटारसायकलींवर मात्र देवनागरी दिसते. 'आई एकवीरा', 'आगरी', 'कोळी'. कोठे शिवछत्रपतींची राजमुद्रा, तर कोठे दि. बा. पाटील यांचे चित्र. गाडी थोरल्या भावाची किंवा काकाची असते. परंतु दुकानात उभे राहून अक्षरांचा रंग व वळण ठरविणारा पुष्कळदा दहावी-अकरावीतला मुलगा असतो. वडीलधारी मंडळी या प्रकाराला थिल्लरपणा म्हणून मोकळी होतात. तो थिल्लरपणा आहे असे मानले, तरी तो याच मुलांना, याच गावात आणि याच काळात का सुचावा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

कोलशेत हे उल्हास नदीच्या खाडीकाठचे गाव. आगरी आणि कोळी ही येथील जुनी वस्ती. एका हाताला भातखाचरे, दुसऱ्या हाताला खाडी, आणि दोन्हींच्या आधाराने चालणारा संसार, असे या पट्ट्यातील गावांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या होते. पुढे कारखाने आले. कोलशेत रस्त्यावरील 'सँडोझ'च्या रसायनांच्या कारखान्याने या भागाला एक नवी ओळख दिली; १९९५ नंतर त्याच जागेवर 'क्लॅरियंट'ची पाटी लागली, आणि आज तेथे निवासी मनोरे उभे आहेत. वायुसेनेचे ठाणे याच गावाच्या अंगाला. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि गाव शहरात जमा झाले. रेतीचा धंदा आला आणि ओसरला. खाडीचे पाणी बिघडले, तशी बोय, निवटी, चिंबोरी यांची आवक रोडावली. थोडक्यात, ज्या दोन गोष्टींवरून या गावातील माणूस स्वतःला आगरी किंवा कोळी म्हणवीत असे, ते शेत आणि ती खाडी, त्या दोन्ही त्याच्या नातवाच्या हातून निसटल्या.

अशा घरातील सतरा वर्षांचा मुलगा मनगटावर होडी काढून घेतो, तेव्हा ती होडी त्याने चालविलेली नसते. पाग कसा फेकावा, उधाणाचे पाणी कोणते आणि भांगाचे कोणते, हे त्याच्या आजोबांना विचार न करता कळत असे. म्हणूनच आजोबांना होडीचे चित्र अंगावर बाळगण्याची गरज कधी पडली नाही. होडी दारासमोर, चिखलात कलंडलेली असे. जगणे जसजसे आटत गेले, तसतसे चिन्ह ठळक होत गेले. यात मुलाची लबाडी नाही. आपण कोण, असा प्रश्न त्याला त्याच्या शाळेत, शिकवणीत आणि समोरच्या मनोऱ्यातील मित्राच्या दिवाणखान्यात रोज पडतो, आणि उत्तरादाखल दाखविण्यासारखे त्याच्यापाशी फार थोडे उरले आहे.

त्याच्या आजीच्या हातावर आणि कपाळावर गोंदण आहे, तेही चिन्हच. परंतु ते तिने मागितलेले नव्हते. गोंदणारी बाई दारी येई, घरातली मोठी माणसे पोरीला धरून बसवीत, सुया टोचल्या जात, आणि रडून झाले की हळद लागे. तुळस, वृंदावन, ठिपके. कोणती आकृती काढावयाची हे रूढी ठरवी. जत्रेत यंत्राने दंडावर मारुती किंवा स्वतःचे नाव कोरून घेणारे पुरुष हे त्यानंतरचे. आजीच्या गोंदणात ती कोणाची, एवढेच सांगितले होते. नातवाच्या होडीत त्याला कोणाचे व्हावयाचे आहे, ते सांगितले आहे. हा फरक लहान नव्हे. आणि त्याची बहीण अंगावर काहीच गोंदवून घेणार नाही असे ठरविते, तर तोही तिचा निर्णय तितकाच बोलका मानावयास हवा.

येथे एक व्यवहाराची गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. वायुसेनेच्या फाटकावरून रोज ये-जा करणाऱ्या मुलांपैकी काहींना त्या फाटकाच्या आत नोकरीला जाण्याची इच्छा असते. भरतीच्या नियमांनुसार कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस किंवा पंजाच्या मागील बाजूस असेल तरच चालते, आणि तेथेही ते ग्राह्य की नाही, हे निवड मंडळ ठरविते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीपुरती सवलत आहे. मानेवर किंवा दंडावर हौसेने काढलेली आई एकवीरा भरतीच्या दिवशी आड येऊ शकते. हे सोळाव्या वर्षी कोणी सांगत नाही. गोंदणाचे दुकान तर मुळीच सांगत नाही.

किशोरवयातील 'आपण कोण' या प्रश्नाला मानसशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून दिली ती एरिक एरिक्सन यांनी. १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी या वयातील ओळखीच्या पेचाची सविस्तर मीमांसा केली. त्यांच्या स्वतःच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र सिद्धान्ताहून अधिक सांगून जाते. जन्मदाता पिता कोण हे त्यांना कधी कळले नाही. सावत्र वडिलांचे होम्बर्गर हे आडनाव त्यांनी वाढत्या वयात लावले, आणि १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा, हे नाव स्वतःच घेतले. स्वतःच स्वतःचा पुत्र! वारसा हाती लागत नसेल तर माणूस तो घडवितो. कोलशेतच्या मुलाची अडचण उलट आहे. वारसा आहे, नावही आहे. त्यात काय भरावयाचे, हे त्याला कोणी दाखविलेले नाही.

या दृष्टीने मोटारसायकलीवरील सर्व चिन्हे एका मापाने मोजता येणार नाहीत. दि. बा. पाटील यांचे चित्र घ्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण बळी गेले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे तत्त्व मान्य झाले. २०२१ साली नवी मुंबईच्या विमानतळाला पाटील यांचे नाव द्यावे म्हणून ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी समाजातील तरुण रस्त्यावर उतरले, आणि २०२२ साली विधिमंडळाने तसा ठराव केला. त्या गर्दीतील पुष्कळांचा जन्म १९८४ नंतरचा. त्यांतील ज्याला साडेबारा टक्के म्हणजे काय हे सांगता येते, त्याच्या गाडीवरील चित्र आणि ज्याला ते येत नाही त्याच्या गाडीवरील चित्र, ही दिसावयास सारखी असली तरी सारखी नव्हेत. आई एकवीरेचेही तसेच. चैत्रात पालखीबरोबर कार्ल्यापर्यंत पायी गेलेल्या मुलाच्या तळव्यांवरील फोड हे त्याच्या गाडीवरील अक्षरांचे तारण असते. राजमुद्रा लावणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे येथे लिहिण्याची गरज नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, अशी शिकवण ज्या राजाच्या नावाने घराघरांत सांगितली जाते, त्याची ती मुद्रा आहे.

शाळांची भूमिका बहुधा 'काढून टाक' एवढ्यावर थांबते. गणवेशामागे समतेचा हेतू आहे आणि तो खोटा नाही. परंतु न्यायालयांनी या बाबतीत शाळांहून अधिक धीर दाखविला आहे. अमेरिकेतील डी मॉइन गावी डिसेंबर १९६५ मध्ये मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी, तिचा भाऊ आणि काही विद्यार्थी व्हिएतनाममधील मृतांच्या शोकार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेले. त्यांना घरी पाठविण्यात आले. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निर्णय दिला. फितीने शाळेचे काम अडले नव्हते, हा त्यातील निर्णायक मुद्दा. आपल्याकडे १९८६ साली, राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहणारी परंतु धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी केरळातील तीन भावंडे शाळेतून काढली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. आणि चिन्हासाठी मोजावयाच्या किमतीचा विचार करावयाचा तर नंदुरबारला जावे लागते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्यांना शिरीषकुमार मेहता बळी पडला, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. आज त्याच तिरंग्याच्या प्लॅस्टिकच्या बिल्ल्या १५ ऑगस्टला नाक्यानाक्यावर विकल्या जातात. त्या लावणाऱ्या मुलांचा यात दोष नाही. त्यांच्याकडून कोणी काही मागितलेलेच नाही.

शिक्षकाने मागावे ते एवढेच, की याचा अर्थ सांग. मनगटावर होडी असलेल्या मुलाला खाडीतील पाच माशांची नावे त्याच्या घरच्या बोलीत लिहून आणावयास सांगितले, तर त्याला ती आजोबांना विचारावी लागतील, आणि आजोबांनाही बऱ्याच दिवसांनी कोणीतरी काही विचारल्यासारखे होईल. कदाचित आजोबा त्याला भरतीच्या वेळी काठावर घेऊन जातील. पाणी घाण आहे हे तेथे त्याला पुस्तकावाचून कळेल.

सर्वांत शांत चिन्ह मोटारसायकलीवर नाही, अंगावरही नाही. ते वहीच्या वेष्टनावर आहे. काही मुले-मुली आपल्या नावापुढे वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहितात. कोणी कोळंबी सोलून किंवा चार घरची कामे करून शिकविणाऱ्या आईसाठी लिहिते. कोणी नुसते योग्य वाटते म्हणून. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले आहे. ती मुले दहावीला बसतील तोवर २०४० साल उजाडेल. आज नववी-दहावीत असलेल्यांना असा कोणताही नियम लागू नाही. शाळेच्या हजेरीपटात त्यांचे नाव वेगळेच असते, आणि वर्गशिक्षक कधीकधी वेष्टनावरील नाव खोडून हजेरीपटाप्रमाणे लिहावयास सांगतात. पुढच्या वहीवर ते पुन्हा तसेच येते.