बालमजुरीविरोधी दिन आणि आपला फड



दरवर्षी १२ जूनला तालुक्याच्या गावी बालमजुरीविरोधी दिनाची फेरी निघते. कापडी फलक, घोषणा, दोन भाषणे आणि शेवटी चहा. १५ जुलैला युवक कौशल्य दिन येतो, १२ जानेवारीला राष्ट्रीय युवक दिन. हे दिवस कोणी ठरविले आणि आपल्या उसाचा त्यांच्याशी काय संबंध, असे काही सभासदांनी गटसभेत विचारले. म्हणून लागवड आणि खोडव्याचे नेहमीचे लिखाण या अंकापुरते बाजूला ठेवीत आहोत.

१२ जून हा दिवस जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००२ पासून सुरू केला. त्याआधी १९९८ साली कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने मनिला येथून निघालेली जागतिक यात्रा देशोदेशी फिरून जिनिव्हाला पोहोचली होती. पुढच्याच वर्षी मुलांना घातक कामांतून ताबडतोब बाहेर काढण्याचा करार क्रमांक १८२ संमत झाला. भारताने तो करार आणि किमान वयाचा १९७३ चा करार असे दोन्ही १३ जून २०१७ रोजी स्वीकारले. युवक दिन विवेकानंदांच्या जयंतीला १९८५ पासून पाळतात. कौशल्य दिन संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठरविला.

बालमजूर म्हटले की हॉटेलातला पोऱ्या नाहीतर फटाक्यांचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. शेत येत नाही. पण २०२५ सालच्या जागतिक अहवालाप्रमाणे जगात १३ कोटी ८० लाख मुले मजुरीत आहेत, आणि त्यांतली ६१ टक्के शेतीच्या कामांत आहेत.

आता या तारखा आपल्या गळीत हंगामाशेजारी ठेवून पाहा. १२ जूनला एकही फड चालू नसतो. टोळ्या कधीच गावी परतलेल्या असतात आणि लेकरं शाळा उघडायची वाट पाहत असतात. त्या दिवशी बीड जिल्ह्यात ऊसतोडीवरचे मूल शोधूनही सापडायचे नाही. मात्र दसरा-दिवाळी झाली, की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या डोंगरपट्ट्यातून ट्रक भरू लागतात. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली मुले. १४ नोव्हेंबरला शाळेत बालदिन असतो, तेव्हा वर्गातली कितीतरी मुले कोणाच्या तरी फडात पोहोचलेली असतात. १२ जानेवारीला हंगाम ऐन भरात असतो आणि वीस-बावीस वर्षांचा युवक काट्यावरच्या रांगेत गाडीवर पेंगत असतो. यात दोष कोणाचा नाही, जागतिक दिवस आपले गाळप बघून ठरत नसतात. पण आपल्याला फेरी काढायची असेल तर ती दसऱ्याच्या सुमारास, ट्रक निघण्याआधी काढावी, असे आमचे मत आहे.

मूल फडात का येते, हे सभासदांना सांगावयास नको, तरी मांडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते आणि ती टनावर फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे चांगलेच झाले. पण हिशेब टनाचाच राहिला, आणि टनाच्या हिशेबात प्रत्येक हात कामाचा असतो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आठ-नऊ वर्षांची पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी टाकते. तिचा भाऊ वाढे गोळा करतो, बैलांचे बघतो.

मागच्या हंगामात आम्ही एका फडावर पाहणीसाठी गेलो होतो. ऊस जमिनीलगत तुटतो की बुडखे वर राहतात, एवढेच बघत होतो. वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन एक मुलगी बाजूने गेली. सभासद म्हणाले, "साहेब, ही पोरगी लई कामाची." आम्ही हसून मान हलविली. घरी आल्यावर ध्यानात आले, की बुडख्यांची उंची वहीत लिहिली, पण ती कितवीत आहे हे विचारलेसुद्धा नाही.

हेच मूल दहा वर्षांनी बेकार युवक म्हणून आपल्यापुढे उभे राहते. दरवर्षी चार-पाच महिने शाळा बुडाली की पाचवी-सहावीपासून वाचन मागे पडते आणि दहावी गाठता येत नाही. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते, थोड्यांना आठवी चालते. तीही नसेल तर मेळाव्याला जाऊन करायचे काय? मग तो मुकादमाकडे जातो. एकट्याला अर्धा कोयता धरतात, पुरा करायचा तर जोडी पाहिजे, म्हणून लग्न लवकर उरकतात. कायद्याची १८ आणि २१ ही वये त्या घाईत कोणी मोजत नाही. दुसरीकडे यंत्राने तोडणी वाढत चालली आहे. आपणच पाच फुटी सरी पाडा म्हणून सांगतो, ती यंत्र फिरावे म्हणूनच. कोयत्याचे काम कमी होणार आणि यंत्र चालविणारा, दुरुस्त करणारा लागणार. ही जागा शिकलेल्या पोरालाच मिळेल.

कायदा असा आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी झाली. कामावर ठेवणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्या कामात हातभार लावण्याची सूट आहे. पण पाच महिने शाळाच सोडून आलेल्या मुलास ती लावता येणार नाही, आणि आपला फड म्हणजे त्याच्या घरचे काम नव्हे. "आम्ही ठेवलं नाही, मुकादमानं आणलं," असे काही सभासद म्हणतात. ऊस मात्र आपल्या नावावर जातो.

यावर खरा उपाय गावातच आहे. आजी-आजोबांजवळ मूल राहिले, तर गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची जेवणाची सोय करता येते. त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत करावी लागते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर झाली आहे. सभासदांपैकी पुष्कळांच्या भावकीत तोडणीला जाणारी घरे आहेत, त्यांना हे सांगणे आपल्याच हातात आहे. आणि मूल फडावर आलेच, तर जवळची शाळा त्याला नाही म्हणू शकत नाही. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडविता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. अडचण आल्यास १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन फुकट आहे.

यंदापासून टोळीच्या नोंदवहीत आम्ही एक रकाना वाढविला आहे: सोबत आलेली मुले, वय, इयत्ता, गावची शाळा. आपल्या फडाला कोयता लागेल त्या दिवशी सभासदांनी स्लिपबॉयकडून तो रकाना भरला आहे की नाही ते पाहावे, आणि कोरा असेल तर गट कार्यालयात कळवावे.

— ऊस विकास अधिकारी