गार पडलेले हात

दरदरून घाम, अंगावरचे कपडे ओलेचिंब, आणि हातपाय मात्र बर्फासारखे गार. 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे असे रुग्ण पाहिले. काहींच्या तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि माणूस हातचा जायचा.

विंचवाचा आणि गार हातांचा काय संबंध? त्यासाठी आधी रक्त वाहणाऱ्या एखाद्या जखमेकडे पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं अर्धा लिटर वाहून गेलं, तरी आडव्या पडलेल्या माणसाचा रक्तदाब फारसा ढळत नाही! मानेतल्या धमन्यांच्या भिंतींना ताण कमी झाल्याचं लगेच कळतं. मग मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन झरतं. कातडीतल्या आणि आतड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, शिरांत साठलेलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. हात गार पडतात, पण मेंदू आणि हृदय यांचा वाटा राखला जातो. हे सगळं काही क्षणांत, आपल्याला न विचारता होतं. मला हे कितीदा वाचलं तरी नवंच वाटतं.

विंचवाचं विष नेमकी हीच यंत्रणा चेतवतं. रक्ताचा थेंबही सांडलेला नसतो, पण विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं मिटू देत नाही. निरोप सुटतच राहतात, रक्तवाहिन्या आवळतच जातात, रक्तदाब भडकतो. त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त लोटून लोटून हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. जीव वाचवणारी मूठच गळा दाबते.

डॉ. बावस्करांनी ही मूठ सोडवायला प्राझोसिन वापरलं. ही मूळची उच्च रक्तदाबावरची गोळी. नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिनीच्या ज्या कुलपात शिरतं, ते ती अडवून धरते. 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अनुभव छापून आला. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास आलं.

गोळी दर तीन तासांनी, पण कुठवर द्यायची? हातपाय कोरडे नि उबदार होईतो, आणि हातांवरच्या निळ्या शिरा पुन्हा डोळ्यांना दिसू लागेपर्यंत.