शरदातील प्रवासी पक्षी आणि त्यांची संकटे

पाऊस ओसरून आकाश निवळले आणि रात्री गार होऊ लागल्या, की उत्तरेकडील असंख्य पक्षी दक्षिणेची वाट धरतात. केवळ थंडीला भिऊन ते निघतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः थंडीहून त्यांना अधिक भय असते ते उपासमारीचे. उत्तरेत कीटक नाहीसे होतात, जलाशय गोठतात, आणि अन्नासाठी देशांतर करणे भाग पडते. वसंतात ते परत फिरतात. परंतु शरदातील प्रवासाला एक निराळीच चिंता जोडलेली असते. त्याच वर्षी जन्मलेले आणि ही वाट कधीही न पाहिलेले कोवळे पक्षी या वेळी थव्यांत मोठ्या संख्येने असतात.

या प्रवासातील संकटे नीट समजण्यासाठी अमूर ससाण्याचे उदाहरण घ्यावे. हा पक्षी आकाराने साधारण पारव्याएवढा व वजनाने सुमारे दीडशे ग्रॅम असतो. आग्नेय सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन या प्रदेशांत त्याची वीण होते, आणि तेथील हिवाळा टाळण्यासाठी तो थेट आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत अरबी समुद्र आडवा येतो. तीन हजार किलोमीटरांच्या या जलमार्गावर त्याला टेकायला जागा नाही. वारा फिरला किंवा वादळ उठले, तर अंगातील शक्ती संपेपर्यंत उडत राहणे एवढेच त्याच्या हाती उरते.

ही शक्ती त्याला मिळते कोठून? ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे ससाणे ईशान्य भारतात, विशेषतः नागालँड व मणिपूर येथे उतरतात. पावसाळा संपता संपता तेथे पंख फुटलेली वाळवी वारुळांतून प्रचंड संख्येने बाहेर पडते. ती खाऊन ससाणे अंगात चरबी साठवितात. ही चरबी म्हणजे त्यांची पुढील वाटेची शिदोरीच होय. मग ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याचे साहाय्य घेऊन ते भारतीय द्वीपकल्प ओलांडतात व समुद्रावर झेप घेतात. सह्याद्री, कोकण आणि गोवा या भागांतही त्यांचे ओझरते दर्शन घडते ते याच सुमारास.

निसर्गाने योजिलेला हा विसावा २०१२ मध्ये प्राणघातक ठरला. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाल्यापासून तेथील जलाशयाच्या काठी ससाण्यांचे विशाल थवे रात्रीच्या मुक्कामाला जमू लागले होते. गावकऱ्यांनी मासेमारीची जाळी झाडांमध्ये उभी टांगली, आणि संध्याकाळी मुक्कामाला येणारे व पहाटे उडणारे पक्षी त्यांत अडकू लागले. त्या एका हंगामात १,२०,००० ते १,४०,००० ससाणे मारले गेले असावेत, असा पाहणी करणाऱ्यांचा अंदाज होता. धरणाखाली शेते गेलेल्या लोकांना या मांसातून चार पैसे मिळत होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

तेथील लोकांचे मन वळविण्यासाठी पक्षिप्रेमी, वनखाते, ग्रामसभा आणि चर्च यांनी एकत्र प्रयत्न केले. पांगती व शेजारच्या गावांनी शिकारबंदीचा ठराव केला, आणि २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारी लहानशी यंत्रे बसविण्यात आली. नागा, पांगती आणि वोखा ही त्यांची नावे. त्यांच्या संकेतांवरून समुद्रापारची वाट नकाशावर उमटली, तेव्हा ज्या गावांत जाळी टांगली जात होती, तेथील लोक आपल्या पाहुण्यांची खबर कुतूहलाने विचारू लागले.

जाळ्यांखेरीज इतरही संकटे आहेत. रात्री उडणारे पक्षी तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधारे दिशा ओळखतात. नगरांतील प्रखर दिव्यांनी ते भांबावतात आणि इमारतींवर आदळतात. राजस्थानात खीचन गावी हजारो कांड्या करकोचे येतात. तेथे त्यांना विजेच्या तारांचे भय आहे. सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले, ते एका जंतूच्या विषाने. मेलेल्या पक्ष्यांत किडे पडतात, ते विषारी किडे जिवंत पक्षी खातात, आणि मरणाची साखळी लांबत जाते. अशा वेळी मृत पक्षी तातडीने उचलून नष्ट करणे हाच मुख्य उपाय असतो.

वादळ आणि वारा यांना माणूस आवर घालू शकत नाही. परंतु हे प्रवासी अन्नासाठी व विसाव्यासाठी ठरावीक ठिकाणी एकवटतात. त्यामुळे तेथे एक गाव बेसावध राहिले तर लक्षावधी जीव जातात, आणि एक गाव जागे झाले तर तितकेच वाचतात. दोयांगच्या काठी या दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या अंतराने घडल्या. बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर किंवा इंदूरच्या सिरपूर तलावावर हिवाळी पाहुणे उतरतील, तेव्हा काठच्या वस्तीने हा अनुभव आठवावा. तळ्यातील पाणी स्वच्छ राखणे, किनाऱ्यावर जाळे वा फास दिसल्यास वनखात्याला कळविणे आणि रात्रीचे अनावश्यक दिवे मालविणे एवढे आतिथ्य कोणालाही अवघड नाही.