मापांची जुनी नावे

गोंदिया हे धानाच्या व्यापाराचे आणि रेल्वेच्या जंक्शनाचे गाव. तेथील लहानथोरांच्या तोंडी ‘ब्रॉडगेज’ आणि ‘नॅरोगेज’ हे शब्द कित्येक वर्षांपासून रुळले आहेत. ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद आणि ‘नॅरो’ म्हणजे अरुंद. हे दोन्ही शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. ‘गेज’ म्हणजे माप. हा शब्द मात्र इंग्रजीने फ्रेंच भाषेतून घेतला. दोन रुळांमधील अंतरास रेल्वेच्या भाषेत गेज म्हणतात.

हे अंतर किती असावे, याविषयी आपल्या देशात पूर्वी एकमत नव्हते. १८८२ पर्यंत नागपूरहून राजनांदगावपर्यंत जो लोहमार्ग तयार झाला, त्याच्या दोन रुळांत एक मीटर अंतर होते. गोंदिया ह्याच मार्गावर आहे. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग आपल्याकडे घेतला व हे अंतर ५ फूट ६ इंच केले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरकडे दुसरा मार्ग निघाला. तो अवघ्या २ फूट ६ इंचांचा होता. अरुंद मार्गाला डोंगरातील वळणे सोपी जात आणि खर्चही कमी येई. पण एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकेना. एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. दोन मापे जुळली नाहीत, त्याचा भार हमालांच्या पाठीवर पडला. आता सातपुड्यातील तो मार्गही ब्रॉडगेज झाला आहे.

वर आलेला ‘फूट’ हा शब्दही फार जुना आहे. त्याचा मूळ अर्थ पाऊल. संस्कृतातील ‘पाद’ आणि इंग्रजीतील ‘फूट’ हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज होत. ‘इंच’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचा अर्थ बारावा भाग. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा पसरला, की इंग्रज त्यास ‘स्पॅन’ म्हणत. आपण त्यासच वीत म्हणतो. कापड मोजण्यासाठी त्यांच्याकडे ‘एल’ नावाचे माप होते. एल म्हणजे मूळचा कोपरापुढील हात. कोपराला इंग्रजीत ‘एल्बो’ म्हणतात, त्यात हा शब्द आजही दडलेला आहे. दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे ‘फॅदम’ होई. खलाशी त्याने समुद्राची खोली मोजत. मराठीत ह्याच मापाला ‘वाव’ म्हणतात. ‘यार्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ तर नुसती काठी असा आहे.

काही शब्द शेतात जन्मले. नांगराने पडणाऱ्या रेघेला मराठीत तास म्हणतात. ‘फर्लांग’ म्हणजे अशा एका तासाची लांबी. ‘एकर’ म्हणजे आरंभी केवळ शेत. पुढे बैलांची एक जोडी दिवसभरात जेवढी जमीन नांगरील, तेवढीस एकर म्हणू लागले. संस्कृतात शेताला ‘अज्र’ असा एक प्राचीन शब्द आहे. तो व एकर हे सख्खे भाऊ आहेत. गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी आपल्या बांधीत रोवणी करताना वीतभर पऱ्हे गुडघाभर चिखलात लावतो आणि शेत किती, असे विचारल्यास एकरांत सांगतो. वीत, गुडघा आणि एकर ही तिन्ही मापे मूळची माणसाच्या देहाची आणि कष्टाची आहेत.

परंतु सर्वांचे हात सारखे नसतात. उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड. मग खरा हात कोणाचा मानावा? जमिनीवरील सारा ठरवताना तर हा प्रश्न फार मोलाचा होता. मोजणीची काठी तोकडी असली, तर तेच शेत कागदावर मोठे दिसे आणि शेतकऱ्यावरील बोजा वाढे. म्हणून शिवाजीमहाराजांच्या राज्यात काठीचे माप ठरवून दिलेले होते. सभासदाच्या बखरीत त्याचे वर्णन आहे. काठी पाच हात व पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. पाच हातांचे सत्तर तसू आणि पाच मुठींचे दहा, मिळून काठी ऐंशी तसूंची. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा. येथे हात हे नाव राहिले. पण तो कोणा एका मोजणीदाराचा हात राहिला नाही.

हाच विचार पुढे मीटरपर्यंत पोचला. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वीच्या आकारावरून मीटर ठरविण्यात आला. भारताने १९५६ मध्ये मापांचा नवा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने वापरात आणली. १९८३ पासून मीटरचे माप प्रकाशाच्या वेगावरून ठरते. प्रकाश राजाला व रंकाला सारखाच; त्यामुळे ह्या मापात कोणाचाही हात आखूड पडत नाही.

तरीही जुनी नावे भाषेतून गेलेली नाहीत. ‘हातभर काकडी, नऊ हात बी’ ही म्हण सांगताना कोणी सेंटिमीटर मोजत नाही. बोलण्यात हात आणि वीत खुशाल असावेत. देण्याघेण्यात मात्र माप सर्वांना एकच असावे.